आईची बायोप्सी आली, पुढचं काहीच कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: मी २७ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. आई ५३ वर्षांची, कराडला असते. तिच्या डाव्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३’ असं आलंय, म्हणजे स्तनाचा कॅन्सर. आयएचसी (बायोप्सीच्या तुकड्यावरची पुढची चाचणी) आणि स्कॅन बाकी आहे. बाबांनी आईला ‘साधी गाठ आहे, काढावी लागेल’ एवढंच सांगितलंय. धाकटा भाऊ बारावीला आहे. आत्या म्हणते, आधी एका वैद्यांना दाखवा. मामा म्हणतो, याच आठवड्यात ऑपरेशन उरका. माझं लग्न लवकर करा, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. मी रात्रभर मोबाइलवर शोधत बसते. तिसरी स्टेज म्हणजे वाचण्याची शक्यता किती टक्के? हे काहीच माहीत नसणं सहन कसं करायचं? आणि मलाही होईल का?

उत्तर:

आधी एक दुरुस्ती करते, कारण तुमची निम्मी रात्र त्यात जात असणार. ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नाही. कॅन्सर विभागात समुपदेशक म्हणून बसते तिथे हा गोंधळ मला जवळजवळ दर आठवड्याला दिसतो, आणि शिकलेली माणसंही त्यात सापडतात. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात, किती भराभर विभागतात, यावरून ग्रेड ठरते. रोग शरीरात कुठवर पोचलाय, यावरून स्टेज ठरते. ग्रेड ३ची गाठ लहानशी, पहिल्या स्टेजची असू शकते. या पेशी वेगाने वाढतात हे खरं. पण वेगाने वाढणाऱ्या पेशींवर केमो बऱ्याचदा चांगली लागू पडते, हेही तितकंच खरं. तुमच्या आईची स्टेज आज कुणालाच माहीत नाही. म्हणजे तुम्ही रात्री ज्या टक्क्यांच्या मागे लागलाय, ते टक्के कदाचित तुमच्या आईचे नाहीतच.

‘काहीच माहीत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अनुभवात या एका वाक्यात दोन प्रकारचे प्रश्न एकत्र गुंडाळलेले असतात. काहींची उत्तरं ठरावीक रिपोर्टनंतर, साधारण ठरावीक वेळेत येतात. काहींची उत्तरं आज तर नाहीच, पण पाच वर्षांनीही कुणी छातीठोकपणे देणार नाही. दोन्ही एकत्र कालवले की सगळंच अंधारात असल्यासारखं वाटतं. वेगळे केले की पहिल्या प्रकारच्या प्रश्नांचं थांबणं सोसवतं. एसटी किती वाजता येणार हे कळलं की स्टँडवरचा तास निघतो, तसं.

तर पहिल्या प्रकारचं आधी बघू. आयएचसीचा रिपोर्ट सहसा आठवडाभरात येतो. त्यात ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या खुणा) आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं प्रथिन) अशा तीन गोष्टी पाहायच्या असतात. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर मुख्य उपचारांनंतर हार्मोनची गोळी रोज, पाच ते दहा वर्षं. हर-टू ३+ असेल तर ट्रास्टुझुमॅबसारखी इंजेक्शनं, बहुधा एकूण वर्षभर. हर-टू २+ आलं तर ते ना होय ना नाही. मग फिश नावाची आणखी एक चाचणी करतात आणि अजून काही दिवस जातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण ‘पुन्हा टेस्ट सांगितली’ म्हटलं की घरात धस्स होतं. तिन्ही निगेटिव्ह आलं तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. त्यात हार्मोनच्या गोळीचा उपयोग नसतो, केमोवर भर असतो, काहींना इम्युनोथेरपीही (शरीराची प्रतिकारशक्ती कामाला लावणारी औषधं) देतात.

स्कॅनचं असं, की गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) संशयास्पद असतील तर पेट-सीटी (सगळ्या शरीरात रोग शोधणारा स्कॅन), नाहीतर सीटी आणि बोन स्कॅन करतात. गाठ लहान आणि काख मोकळी असेल तर डॉक्टर एवढे स्कॅन सांगणारही नाहीत. ते दुर्लक्ष नसतं. अशा वेळी स्कॅनमधून उपयोगाचं काही निघण्याची शक्यता कमी असते आणि नको ते ठिपके दिसून नवी धास्ती मात्र लागते.

हे रिपोर्ट आले की पहिले काय, केमो की ऑपरेशन, हे ठरेल. ‘आधी केमो’ असं डॉक्टर म्हणाले की घरचे मनात म्हणतात, ‘म्हणजे ऑपरेशन होण्यापलीकडे गेलंय.’ तसं नसतं. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह आजारात, गाठ फार मोठी नसतानाही, आधी केमो देण्याची पद्धत आहे. गाठ आकसली तर स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया शक्य होते आणि औषध लागू पडतंय का हेही डोळ्यांसमोर दिसतं. ऑपरेशननंतर मोठा पॅथॉलॉजी रिपोर्ट येतो, त्यात काखेतल्या किती गाठींमध्ये रोग होता, काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त आहेत का, हे कळतं. म्हणजे चित्र एका दिवसात पूर्ण होत नाही, टप्प्याटप्प्याने भरत जातं. एका वहीत एका बाजूला प्रश्न आणि समोर ‘याचं उत्तर कधी आणि कुठल्या रिपोर्टमधून’ असं लिहून काढा. ज्या प्रश्नासमोर तारीख पडली, तो त्या तारखेपर्यंत मोबाइलवर शोधायचा नाही.

आता मामांची घाई. ती मायेपोटी आहे, पण तिला बळी पडू नका. हाताला लागण्याएवढी गाठ वाढायला बराच काळ गेलेला असतो. तपासण्या नीट व्हायला दोन-तीन आठवडे लागले म्हणून सहसा काही हातचं जात नाही. महिनोन् महिने घालवले तर जातं. सुई लावली की कॅन्सर चवताळतो, ही समजूत अजून गावोगावी आहे. तिला आधार नाही. उलट बायोप्सी आणि आयएचसीशिवाय कुणी ‘गाठ काढून टाकू, मग बघू’ म्हणालं तर तिथून उठा. अर्धवट काढलेल्या गाठीचं पुढचं सगळं नियोजन अवघड होऊन बसतं. कॅन्सर सर्जनला दाखवा, आणि जमलं तर जिथे सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात अशा ठिकाणी. दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा मेमोरियलला जायचं असेल तर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (तुकडा ठेवलेले मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या) लॅबमधून मागून घ्या. ते नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागवत नाहीत, स्लाइड पुन्हा तपासतात. रिकाम्या हाताने गेलेले लोक परत कराड-कोल्हापूरला येऊन स्लाइड घेऊन जाताना मी पाहिलेत. मुक्कामाची सोय लागलीच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दोन्हीकडे आधी चौकशी करा. जागा लगेच मिळेलच असं नाही.

खर्चाचा अंदाज आयएचसी येईपर्यंत नीट बांधता येत नाही, कारण हर-टूची औषधं लागली तर हिशेब बदलतो. पण रेशन कार्ड आणि आधार आत्ताच बाहेर काढून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि कॅन्सरचे उपचार त्यात येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याला उपचार सुरू होण्याच्या आधी भेटायचं, कारण मंजुरी आधी लागते. आधी भरलेले पैसे नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांकडे येते. आई वाचेल का? परत उलटेल का? किती टक्के?

टक्के खोटे नसतात. पण ते काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्या हजारो बायकांचे असतात. त्यांतून गटाचं कळतं. तुमची आई त्या गटात कुठे उभी आहे, हे त्यातून निघत नाही. रिपोर्ट पूर्ण झाल्यावर डॉक्टरांना आकडा जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा, जो लोक विचारायचं विसरतात: ‘या उपचाराचा हेतू काय, आजार पूर्ण बरा करणं की आटोक्यात ठेवणं?’ रोग स्तन आणि काखेपुरता असेल तर हेतू बरं करण्याचा असतो. हाडं, यकृत, फुप्फुस इथे पोचला असेल तर तो बहुधा मुळापासून जात नाही, मात्र औषधांवर कित्येक जणी वर्षानुवर्षं घर-संसार, नोकरी करताना मी पाहते. दोन्ही वाटांची तयारी वेगळी असते, आणि कुठली वाट आहे हे कळणं कुठल्याही टक्क्यापेक्षा उपयोगाचं.

इथे एक सापळा आहे. तो आज तुमच्यासमोर नाही, पण सात-आठ महिन्यांनी येईल म्हणून सांगते. उपचार संपतात, आणि घरच्यांना हायसं वाटण्याऐवजी भीती वाढते. आजवर दर तीन आठवड्यांनी कुणीतरी बघत होतं, आता कुणी बघत नाही! मग मुलं डॉक्टरांच्या मागे लागतात, ‘दर सहा महिन्यांनी पेट-सीटी करून टाका, निदान खात्री तरी होईल.’ डॉक्टर नाही म्हणाले तर दुसरीकडे जाऊन पदरचे हजारो रुपये घालून करून घेतात. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांत हेच तपासलं होतं: काही त्रास नसलेल्या बायकांचे वारंवार एक्स-रे, बोन स्कॅन करत राहायचं, की नियमित तपासणी आणि मॅमोग्राफीवर (स्तनाच्या एक्स-रेवर) ठेवायचं? जगण्याच्या कालावधीत फरक पडला नाही. स्कॅन तेव्हापेक्षा खूप सुधारले, तरी आजही सुरुवातीच्या टप्प्यातला आजार बरा झालेल्या आणि काही त्रास नसलेल्या बाईला ठरावीक मुदतीने पेट किंवा सीए १५-३ ही कॅन्सरची खूण पाहणारी रक्तचाचणी करा असं मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. पहिली काही वर्षं तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, वर्षातून एक मॅमोग्राफी. आणि हाडात नवं, न थांबणारं दुखणं, हटत नसलेला खोकला, धाप, कारण नसताना घटणारं वजन असं काही झालं तर पुढची तारीख येईपर्यंत न थांबता जायचं. नॉर्मल स्कॅनने येणारी शांतता फार दिवस पुरत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता ठामपणे सांगते: खात्री विकत मिळत नाही, तिच्यामागे पैसा घालू नका.

आईला न सांगण्याबद्दल. बाबांना दोष देऊ नका, आपल्याकडे निम्म्या घरांत हेच होतं. पण हे टिकणारं नाही. ज्या दवाखान्यात ती जाणार तिथल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत कॅन्सर लिहिलेलं असतं, संमतिपत्रावर सही तिची लागते, आणि शेजारच्या खुर्चीतली बाई पाच मिनिटांत विचारते, ‘तुमची कितवी केमो?’ बहुतेक आयांना अंदाज असतोच. त्या मुलांसाठी गप्प, मुलं आईसाठी गप्प. एकाच घरात सगळे एकटे. शिवाय स्तन राखायचा की काढायचा असा निर्णय तिच्या शरीराबद्दलचा आहे. तो तुम्ही आणि बाबांनी परस्पर घेणं मला पटत नाही.

एकदम बॉम्ब टाकू नका. निवांत वेळी विचारा, ‘आई, डॉक्टर बोलले त्यातलं तुला काय वाटलं?’ आणि थांबा. ती गप्प बसली तर तुम्हीही बसा. ‘कॅन्सर तर नाही ना गं?’ असं तिने विचारलं तर, ‘हो आई, कॅन्सरच आहे. औषधं आहेत, अजून दोन रिपोर्ट यायचेत, मग डॉक्टर सांगतील कसं करायचं ते. मी येणार आहे प्रत्येक वेळी.’ एवढं पुरे. ‘तुला काहीही होणार नाही’ हे वाक्य टाळा. तुम्हाला ते माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे तिला माहीत असतं. आणि ‘मला काही सांगू नका, तुमचं तुम्ही बघा’ असं ती म्हणाली, तर तेही मान्य करा. फक्त तो तिचा निर्णय असू दे. रडू आलं तर रडा. रडल्याने पेशंट खचत नाही. भावालाही सांगा, परीक्षा होईपर्यंत लपवलं तर तो दाराआडून ऐकून आणखी भयंकर काहीतरी जुळवेल. बाबांकडे फाइल सोपवा: तारखेप्रमाणे कागद, प्रत्येक औषधाचं बिल, आरोग्यमित्राचे फोन. गप्प बसणाऱ्या माणसांना ‘मन मोकळं करा’ म्हणण्यापेक्षा काम दिलेलं जास्त मानवतं.

नातेवाइकांसाठी आठवड्यातून एक मेसेज, एकाच माणसाने पाठवायचा. फोनवर तीच कहाणी दहा वेळा सांगत बसलात तर दहा वेळा ती जगावी लागते. आत्यांच्या वैद्यांचं म्हणाल तर, २०२४च्या नोव्हेंबरमध्ये नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा स्तनाचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहाराने बरा झाला असं जाहीरपणे सांगितलं, ते घराघरांत फिरलं. तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सही करून पत्रक काढलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमो झालीच होती. तेवढा भाग मात्र पुढे पाठवताना गळला. आत्यांशी भांडू नका. ‘केमोच्या डॉक्टरांना विचारून मगच देऊ’ म्हणा आणि खरंच विचारा, कारण काही काढे यकृतावर ताण आणतात आणि मग केमो पुढे ढकलावी लागते.

केमो सुरू झाली की बऱ्याच गोष्टींचा अंदाज येऊ लागतो. तीन आठवड्यांचं चक्र असेल तर पहिले चार-पाच दिवस मळमळ-थकवा, दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला, तिसऱ्या आठवड्यात बाई पुन्हा स्वयंपाकघरात. बहुतेक औषधांनी दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. काउंट (रक्तपेशींचे आकडे) कमी आले म्हणून एखादी केमो आठवडाभर पुढे गेली तर बिघडलं असं समजू नका, हे नेहमीचं आहे. एका बाबतीत मात्र अंदाजाला जागा नाही: ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. घरात चालू थर्मामीटर हवा, आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा हे पहिल्या केमोच्याच दिवशी विचारून ठेवायचं.

तुमची रजा पहिल्या पंधरवड्यात संपवू नका. केमो, ऑपरेशन, साधारण तीन आठवड्यांचं रेडिएशन मिळून बरेच महिने जातात, आणि तुमची खरी गरज चौथ्या-पाचव्या महिन्यात लागते, जेव्हा भेटायला येणारे कमी झालेले असतात.

रात्रीसाठी: संध्याकाळची वीस मिनिटं ठरवा. त्या वेळात वही घेऊन मनातली सगळी भीती, अगदी वाईटात वाईट, लिहून काढायची. रात्री तीच परत आली तर ‘उद्या साडेसहाला’ म्हणायचं. पहिले काही दिवस हे नाटकी वाटेल, तरी सोडू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दोन आठवडे झोपच नाही, जेवण जात नाही, कामात काही सुचत नाही किंवा जगणं नको असं मनात येतंय, असं झालं तर ते नुसतं ‘टेन्शन’ राहिलं नाही, मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. लगेच कुणाशी बोलायचं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर रात्रंदिवस आहे, मराठीतही बोलतात.

लग्नाचं माझं मत स्पष्ट आहे. ‘आई आहे तोवर उरकून घ्या’ हे वाक्य आईच्या कानावर जाऊ देऊ नका. तिला त्यातून, ती जाणारच असं धरून तुम्ही पुढे निघालात, हेच ऐकू येईल. घाईने ठरवलेलं स्थळ तुम्हाला आयुष्यभर निभावायचंय, मामांना नाही. आधीच कुठे बोलणी चालू असतील आणि माणूस मनापासून पसंत असेल, तर आईच्या आजाराबद्दल त्याला स्वतःला सांगा, मध्यस्थांमार्फत नको.

आणि तुम्हाला होईल का? आईला स्तनाचा कॅन्सर असलेल्या मुलीचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट धरतात, तरीही अशा बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. आनुवंशिक म्हणता येईल असा स्तनाचा कॅन्सर शंभरातल्या पाच-दहा जणींचा. ट्रिपल निगेटिव्ह निघालं, किंवा आईच्या माहेरी, आजी-मावशीकडे अंडाशयाचा वा कमी वयात स्तनाचा कॅन्सर असेल, तर बीआरसीए तपासणीचं (या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांतला दोष शोधणाऱ्या चाचणीचं) विचारा. ती आधी आईची करतात, तुमची नाही. तिच्यात दोष सापडला तरच तुमची आणि भावाची, दोघांचीही, आणि प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. सापडला तर तुमच्यासाठी एमआरआयसारखी तपासणी लवकर सुरू करतात. नाही सापडला, आणि घरात दुसरं कुणी नसेल, तर तुम्हाला आज मॅमोग्राफीची गरज नाही. चाळिशीला सुरू करा, आणि मध्ये कधीही गाठ, त्वचेला खळी, बोंडातून रक्तासारखा स्राव दिसला तर वय न बघता दाखवा. आईची तपासणी करायची की नाही, हे आयएचसी आल्यानंतरच्या भेटीत विचारा. त्याआधी या प्रश्नात उतरू नका, तुमच्या वहीत तो शेवटच्या पानावर असू दे.